पहिला क्रम कोणाचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील हजारो घरांत एकच प्रश्न ठाण मांडून बसतो : पसंतीक्रमाच्या यादीत पहिले नाव कोणाचे घालावयाचे? वरकरणी हा अर्ज भरण्याचा किरकोळ प्रश्न वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशपद्धतीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे विद्यार्थ्यावर बंधनकारक असते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून तो बाद होतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशात २०२५ साली हे बंधन अधिकच आवळण्यात आले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिहींपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला, की ती जागा पक्की आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद. उमेदवाराने सहज म्हणून वर लिहिलेले नाव त्याच्या गळ्यात पडू शकते, असा याचा अर्थ आहे.

इतके असूनही ही यादी करावी कशी, याविषयी आपल्या समाजात जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या सरकारी अर्जाविषयी असतील. त्यांतील सर्वांत दृढमूल समज असा, की आवाक्याबाहेरचे महाविद्यालय पहिल्या क्रमावर लिहिले तर तो क्रम ‘फुकट जातो’ आणि दुसऱ्या क्रमावरील महाविद्यालय आपल्याला ‘पहिले’ न मानल्याबद्दल जणू रुसून बसते. म्हणून चाळीत, कचेरीत आणि सायबर कॅफेच्या दारात सल्ला मिळतो : जे नक्की मिळेल तेच वर लिहा. हा सल्ला चुकीचा आहे. जागावाटप गुणानुक्रमाने होते. यादीत वर असलेल्या विद्यार्थ्याची पाळी आधी येते. त्याच्या पसंतींपैकी शिल्लक असलेली सर्वांत वरची जागा त्याला मिळते आणि मग पुढच्याची पाळी येते. एखादे महाविद्यालय तुम्ही पहिले लिहिलेत आणि तुमच्याहून अधिक गुण असलेल्याने ते तिसरे लिहिले, तरी जागा त्याचीच. क्रमांक म्हणजे पात्रता नव्हे. तेव्हा वरचे मोठे नाव मिळाले नाही म्हणून खालच्या नावावरील तुमचा हक्क तिळमात्रही कमी होत नाही.

जगात सर्वत्र अशी पद्धत होती असे मात्र नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात २००५ पर्यंत शाळाप्रवेश देताना पहिल्या पसंतीला खरोखरीच अग्रहक्क असे. तेथील पालकांना म्हणूनच मनातील शाळा लपवून सावध नाव वर लिहिण्याचा जुगार खेळावा लागे. गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या विचाराच्या आधाराने ती पद्धत पुढे बदलण्यात आली. याच क्षेत्रातील कार्यासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पालकांचा सल्ला ऐकला, की वाटते, ते अजून त्या जुन्या बोस्टनमध्येच राहतात! आपल्याकडील नियमानुसार मनातील खरा क्रम लिहिणे हेच हिताचे आहे. सावधगिरी हवी ती यादीच्या तळाशी. अकरावीच्या अर्जात दहाच नावे लिहिता येतात. तेव्हा दहाही नावे आकाशातली लिहून चालत नाही, शेवटची दोन-तीन हाताशी येणारी असावी लागतात.

परंतु खरा क्रम म्हणजे काय? येथे गणित संपते आणि आपल्या गावांची कथा सुरू होते.

बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. माटुंगा वा चर्चगेट परिसरातील महाविद्यालयात जाणाऱ्या येथील विद्यार्थ्याचे घरापासून वर्गापर्यंत जाण्या-येण्यात रोजचे चार तास सहज जातात. वर्षाला २०० दिवस धरले तर हे ८०० तास होतात; म्हणजे रात्रंदिवस मोजले तर वर्षातील तेहेतीस दिवस तो विद्यार्थी गाडीत आणि फलाटावर उभा असतो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत याचे साडेचार महिने होतात. लेखनिक वाचकांना हा प्रवास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि निदान चौघांचे प्राण गेले, त्या बातमीने या तीन गावांतील किती आयांचा त्या संध्याकाळी जीव टांगणीला लागला असेल, हेही त्यांना सांगावयास नको. तरीसुद्धा तेच वडील मुलाच्या यादीत मुंबईचे नाव पहिले लिहितात. किंबहुना आपण तीस वर्षे जो प्रवास केला तो मुलाने केला नाही तर त्याच्या शिक्षणात काही उणे राहील, अशी एक विचित्र श्रद्धा त्यामागे असते.

नावाचा हा महिमा तपासून पाहण्यासारखा आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत त्यांनी संसार मांडले आणि १९४९ साली या छावणीला आजचे नाव मिळाले. त्याच वर्षी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड ही संस्था मुंबईत स्थापन झाली. प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी सिंधमधील आपले हरवलेले महाविद्यालय येथे पुन्हा उभे करण्याच्या जिद्दीने तो उद्योग आरंभिला होता. या बोर्डाने १९५४ साली चर्चगेटला के. सी. महाविद्यालय काढले आणि पुढे १९६० च्या दशकात उल्हासनगरात सी. एच. एम. महाविद्यालय. एकाच संस्थेची ही दोन अपत्ये; पण उल्हासनगरच्या मुलाला विचारा, तो पहाटेची गाडी पकडून धाकट्या भावंडाच्या दारावरून थोरल्याकडे जाईल. २०२० नंतर या दोहोंत एक फरक खरोखरच पडला आहे : के. सी. हे एच. एस. एन. सी. विद्यापीठाचे घटक महाविद्यालय झाले, तर सी. एच. एम. मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिले. पदवीवरील विद्यापीठाचे नावच त्यामुळे बदलते. प्रवेश घेणाऱ्या किती कुटुंबांनी हा फरक ध्यानात घेऊन निर्णय केला असेल? उल्हासनगरचे तलरेजा, कल्याणचे १९७२ पासूनचे बिर्ला ही महाविद्यालयेही याच पट्ट्यातली. यांपैकी सर्व विभाग सारखेच चांगले आहेत असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही. पण विभाग, अध्यापक आणि प्रयोगशाळा पाहून नाव खाली लिहिणे वेगळे आणि स्थानकाचे नाव पाहून खाली लिहिणे वेगळे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्ही. जे. टी. आय. किंवा इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी येथे जागा मिळत असेल तर ८०० तासांचा हिशेब मांडून ती नाकारणे शहाणपणाचे नाही. तेथे वसतिगृहासाठी धडपड करावी, कर्ज काढावे, पण जावे. आणि येथे आपल्या गावांचा एक विरोधाभास दिसतो. अंबरनाथ हे यंत्रांचे आणि रसायनांचे गाव. आयुध निर्माणी तेथे, औद्योगिक वसाहतीतील शेकडो कारखाने अंबरनाथ-बदलापुरात. त्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले वडील मुलाच्या अर्जावर मात्र कोठल्याही आडगावच्या महाविद्यालयातील संगणक शाखा वर आणि नामांकित संस्थेतील यंत्र वा रसायन शाखा खाली लिहवितात. मुलाला संगणकाची ओढ असेल तर प्रश्नच मिटला. पण ती ओढ त्याची आहे की शेजारच्या बिऱ्हाडाची, हे अर्ज बंद होण्यापूर्वी कोणी विचारीत नाही. दुसऱ्या फेरीत वरची तिन्ही नावे बंधनकारक ठरतात, तेव्हा भरतीसाठी लिहिलेले तिसरे नाव हेच आयुष्याचा पेशा ठरण्याचा धोका येथे उभा राहतो.

अकरावीत तर निर्णय बहुधा कोचिंग क्लासच करतो. क्लासचे ज्या महाविद्यालयाशी साटेलोटे असेल, जेथे हजेरीची सक्ती नसेल, ते पहिल्या क्रमावर. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच धंद्याला आळा घालण्यासाठी. त्याने धंदा थांबला असे मात्र कोणी म्हणणार नाही.

मुलींच्या बाबतीत यादी आणखी लहान होते. ‘जवळचे बरे’ हा निकष त्यांना मुलांपेक्षा किती तरी सहज लावला जातो. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोकांनी तासन्‌तास लोहमार्ग अडवून धरला, तो संताप गावातल्याच एका शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचा होता. जवळीक आणि सुरक्षितता एक नव्हे, हे त्या दिवशी या गावाने स्वतःच बोलून दाखविले आहे. शिवाय जुलै २०२४ च्या निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ते केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच. घराजवळच्या महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून मुलीची सोय लावणारा बाप प्रवास वाचविण्याच्या नादात हा लाभ घालवितो.

पहिली पसंती बंधनकारक करण्याचा नियम मुळात गैर नाही. तो नसता तर वरच्या गुणांची मुले जागा अडवून बसली असती आणि खालच्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागले असते. मात्र बंधन घालणाऱ्या शासनाने माहिती देण्याचे बंधनही स्वीकारावयास हवे. प्रत्येक महाविद्यालयाच्या नावासमोर प्रत्यक्ष शुल्क, भरलेली अध्यापकपदे, वसतिगृहाच्या जागा आणि पदवी देणारे विद्यापीठ एवढे तरी अर्जातच दिसावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; ही माहिती संबंधित खात्यांकडे असतेच. आणि ते होईपर्यंत शाळांनी एक गोष्ट करता येईल. आज या पट्ट्यातील कितीतरी अर्ज सायबर कॅफेतला मुलगा भरतो. विद्यार्थी शेजारी उभा असतो, वडील फोनवरून नावे सांगतात. अर्ज कुलूपबंद करण्याच्या मुदतीत दहावी-बारावीच्या वर्गशिक्षकांनी दोन दुपारी शाळेचा संगणककक्ष उघडा ठेवावा आणि विद्यार्थ्याला एकट्याला बसवून यादीतील पहिल्या तीन नावांविषयी एवढेच विचारावे, की हे उद्या मिळाले तर परवा तू तेथे जाशील काय?