'दे त्याला' : एका वाक्याची फाशी

मराठीत 'दे त्याला' या दोन शब्दांचे दोन अर्थ संभवतात. हातातली वस्तू त्याच्या स्वाधीन कर, किंवा त्याला चांगला चोप दे. इंग्रजीतल्या अशाच एका द्व्यर्थी वाक्यावर डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरले.

२ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री क्रॉयडनमधील एका गोदामाच्या छपरावर बेंटली आणि त्याचा १६ वर्षांचा साथीदार ख्रिस्तोफर क्रेग चोरीसाठी चढले. बेंटलीला पोलिसाने पकडले. त्यानंतर काही मिनिटांनी क्रेगच्या गोळीने सिडनी माइल्स हा पोलीस शिपाई ठार झाला. 'दे त्याला, ख्रिस' असे बेंटली ओरडला, ही पोलिसांची साक्ष. दोन्ही मुलांनी ती नाकारली. अल्पवयीन म्हणून क्रेगला फाशी देता येत नव्हती, तो सुमारे दहा वर्षांनी सुटला. ज्युरींनी दयेची शिफारस करूनही बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर चढवण्यात आले.

बेंटलीला अपस्माराचा विकार होता. त्याची बौद्धिक वाढ लहान मुलाइतकीच झाली होती आणि त्याला लिहितावाचता जवळजवळ येत नव्हते. तरीही त्याच्या नावावर एक सलग जबानी आहे. माल्कम कुल्थर्ड या भाषावैज्ञानिकाने पुढे ती तपासली. सामान्य इंग्रज बोलताना 'मग मी' असा क्रम वापरतो. या जबानीत मात्र पोलिसी अहवालांत आढळणारा 'मी मग' हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. कागदावरचा 'मी' बेंटलीचा होता, वाक्यरचना दुसऱ्या कुणाची तरी होती. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, पंचेचाळीस वर्षांनी.

साथीदाराच्या बाबतीत कायदा दोन मने एक मानतो. १९२५ च्या बरेंद्रकुमार घोष खटल्यात, दाराबाहेर उभा राहणाराही सहभागीच असतो, हे सांगताना प्रिव्ही कौन्सिलने मिल्टनच्या एका सुनीताचा आधार घेतला होता. अंधत्व आलेल्या कवीने स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेली ओळ दोषाचे प्रमाण ठरली, हा विरोधाभास साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

दोष ठरवताना मने एक मानण्याला कदाचित पर्याय नसेल. शिक्षा ठरवताना मात्र ती पुन्हा वेगळी केलीच पाहिजेत. समान उद्देश म्हणायचे, तर तो उद्देश समजण्याची कुवत आधी तपासायला हवी. इंग्लंडने उणावलेल्या जबाबदारीचा बचाव १९५७ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे मनोविकृतीचा बचाव आजही 'पूर्ण किंवा मुळीच नाही' असाच आहे. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात मान्य केले. गुन्ह्याच्या क्षणी अर्धवट समज असलेल्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ते उच्चारणाऱ्याला त्यांतला कोणता कळत होता, हे विचारणे ही केवळ दया नव्हे. ते नीट वाचन आहे.