उसनें आकाश

निसर्गाच्या छायाचित्रांविषयीं अलीकडे एक युक्तिवाद वारंवार कानीं येतो. डोंगरावर फिकें, कोरें आकाश वांट्यास आलें, तर घरीं येऊन संगणकावर त्याच्या जागीं दुसरें तांबूस आकाश बसवावें. त्यांत बिघडलें काय? २०२० सालीं फोटोशॉपमध्यें हें काम एक कळ दाबतांच होऊं लागलें. वर असा आधारही दिला जातो, कीं जुने थोर छायाचित्रकार अंधारखोलींत हेंच करीत होते. हा आधार कितपत टिकतो, तें पाहूं.

ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. प्रकाशमापक वेळेवर सांपडेना, म्हणून चंद्राच्या तेजावरून त्यांनीं मनाशींच हिशेब केला. दुसरें चित्र घेण्यापूर्वींच दफनभूमींतील क्रुसांवरचें ऊन निघून गेलें. पुढें अनेक वर्षें ते त्या एकाच निगेटिव्हच्या प्रती काढीत राहिले. आरंभींच्या प्रतींत आकाशांत ढगांच्या रेषा दिसतात. नंतरच्या प्रतींत तें जवळजवळ काळेंभोर आहे. हा फेरफार मोठा खरा, परंतु तो त्याच आकाशाचा आहे. एकच राग गवई आज आळवील तसा उद्यां आळवणार नाहीं. पण म्हणून मैफलींत दुसऱ्याची तबकडी लावून ओठ हालविणें याला कोणी गायन म्हणत नाहीं.

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांचें उदाहरण प्रतिपक्षाला अधिक सोयीचें आहे. १८५७ च्या सुमारास समुद्राचीं चित्रें करतांना त्यांनीं पाण्याची एक व आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह सांधल्या. त्या काळच्या काचेवर निळा प्रकाश फार लवकर उमटे; पाणी नीट उठेपर्यंत आकाश पांढरें फटक होई. साधनाचें हें लंगडेपण त्यांनीं सांवरलें. तथापि एकच मेघमाला त्यांनीं एकाहून अधिक समुद्रांवर पसरली, तेव्हां तेही मर्यादा ओलांडून गेले, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. थोरांची चूक ही पुढिलांची सनद होत नाहीं.

‘चित्रकारही कल्पनेनें आकाश रंगवितोच ना?’ रंगवितो, पण ‘त्या वेळीं तेथें असेंच होतें’ अशी साक्ष तो देत नाहीं. छायाचित्राची सारी पत या साक्षीवर उभी आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याचें तोंड पश्चिमेला. खालून, कोंकणांतून पाहतां त्याच्या अंगावर मावळतीचें ऊन पडलेलें असावें आणि पाठीमागें उसन्या आकाशांत लाल सूर्यही तळपावा, म्हणजे एका पृथ्वीला दोन सूर्य झाले! त्याच कड्यावर, पाठीशीं सूर्य व पुढें दरींत धुकें असतां, धुक्यावर आपल्या सावलीभोंवतीं रंगीत वलय उमटतें. त्याला इंद्रवज्र म्हणतात. उद्यां कोणी भाग्यवान त्याचें खरें चित्र घेऊन आला, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? बाजारांत खोटीं नाणीं फार झालीं, म्हणजे खरें नाणेंही लोक दगडावर वाजवून घेतात. शिवाय श्रावणांतलें राखी, ओलें आकाश ‘कोरें’ म्हणून पुसण्याची संवय जडली, तर आमच्याच डोंगरांचा पावसाळा आमच्या मुलांना परका होईल.

ज्याला आकाश बदलावयाचें असेल त्यानें खुशाल बदलावें. मात्र चित्राखालीं तसें स्वच्छ लिहावें. आणि ज्याला तें लिहिण्याची लाज वाटते, त्यानें गड पुन्हां एकदां चढावा.