मिठाचा कर ‘किरकोळ’?

मा. संपादक,

रविवार पुरवणीतील मिठाच्या करावरील लेखातली तीन विधाने तपासून घ्यायला हवीत.

१) कर ‘किरकोळ’ होता. १९२३ मध्ये तो मणामागे सव्वा रुपयाचा अडीच रुपये झाला. कायदेमंडळाने वाढ फेटाळली, तरी व्हाइसरॉय रीडिंग यांनी विशेषाधिकारात ती लादली. वर्षभरात दर पूर्ववत झाला हे मान्य. पण लोकप्रतिनिधींचे मत कस्पटासमान ठरले त्याचे काय?

२) अमेरिकन वसाहती महागाईने पेटल्या. १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होत होता. तरी बोस्टनकरांनी पेट्या समुद्रात फेकल्या, कारण ज्या पार्लमेंटात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता, तिने कर लावणे त्यांना नामंजूर होते.

३) समुद्र नसलेल्या विदर्भात मिठाचा सत्याग्रह उसना होता. लेखकाने पूर्णेचा खारपाणपट्टा पाहिलेला दिसत नाही. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याला विहिरीचे खारे पाणी कढईत आटवून मीठ काढले गेले. शिवाय विदर्भातला कायदेभंग मिठापुरता थांबला नाही: जुलैत बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून अटक पत्करली.

दुरुस्ती त्याच पानावर छापावी.

– एक वाचक, धंतोली, नागपूर