यंत्राची परीक्षा मळीत पाहावी

तळवलीच्या आमच्या घरी कपडे पिळण्याचे यंत्र गरगरू लागले, की मला साखर कारखाना आठवतो. भोकाभोकांच्या पिंपात कपडे अडकतात आणि पाणी बाहेर निसटते. कारखान्यात साखरेपासून मळी अशीच वेगळी करतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून महाराष्ट्रातील किती तरी शेतकऱ्यांचा पैसा अशा फिरत्या पिंपांतून येत आला आहे.

उसाचा रस आटवला की साखरेचे कण व चिकट मळी यांचा दाट लगदा होतो. शेवटच्या टप्प्यातील लगदा अखंड चालणाऱ्या केंद्रोत्सारी यंत्रात सोडतात. याचे पिंप शंकूसारखे असते. लगदा तळाशी पडतो व उतरत्या भिंतीवरून वर चढतो. मळी बारीक चाळणीतून निघून जाते आणि तपकिरी कच्ची साखर वरच्या काठावरून बाहेर फेकली जाते. त्रिज्या अर्धा मीटर व मिनिटाला १८०० फेरे धरा. कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणून पाहा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १८०० पट येईल!

मग चांगले यंत्र कोणते? तासाला जास्त लगदा उरकणारे, की स्वच्छ साखर देणारे? माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पाणी जास्त फवारले की साखर स्वच्छ दिसते, पण तिचा काही भाग विरघळून मळीत जातो. चाळणी झिजली, तर बारीक कणही निसटतात.

खरी कसोटी अशी: त्याच लगद्याचा नमुना प्रयोगशाळेत दाबाने गाळून त्यातील मळीची शुद्धता, म्हणजे १०० भाग विरघळलेल्या पदार्थांतील साखर, मोजावी. मग यंत्रातून आलेल्या मळीची मोजावी. समजा, पहिली ३० व दुसरी ३३ आली. फरक क्षुल्लक वाटतो ना? पण पहिल्या मळीत ७० किलो अशुद्धीबरोबर ३० किलो साखर होती; आता त्याच ७० किलोंबरोबर सुमारे ३४.५ किलो जाते. साडेचार किलो साखर गेली!

मळीपासून अल्कोहोल होतेच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण वाफ खर्चून बनवलेले स्फटिक पुन्हा विरघळवण्यात शहाणपण कोणते? शिवाय उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो.

तेव्हा मित्रांनो, कारखाना पाहायला गेलात तर पोत्यांच्या थप्पीपाशीच थांबू नका. मळीची शुद्धता किती, तेही विचारा. हाती काय आले याबरोबर हातचे काय गेले, हे मोजल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही.