हिशेबाबाहेरचा सोबती

माणसाने कुत्र्याला जितके जवळ केले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याला केले असेल. आणि भाषेत जितके हिणवले तितकेही बहुधा दुसऱ्या कोणाला नाही. 'कुत्र्याचे जिणे', 'हाल कुत्रा खाणार नाही', 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच' अशा म्हणी-वाक्प्रचारांनी मराठीचा कोश भरलेला आहे. दुसरीकडे दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसतात आणि परंपरा त्यांना चार वेदांचे रूप मानते. महाप्रस्थानाच्या वाटेवर भावंडे आणि पत्नी एकेक करून गळून पडल्यावरही धर्मराजाच्या मागून शेवटपर्यंत चालत राहतो तो एक कुत्राच. तिरस्कार आणि आदर यांचा हा विचित्र संगम पाहिला म्हणजे या प्राण्याचे आपल्याशी असलेले नाते साध्या उपयोगाच्या भाषेत सांगता येणार नाही, असे वाटू लागते.

अर्थशास्त्राच्या इतिहासातही या प्राण्याने एकदा हजेरी लावलेली आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात विनिमयाची प्रवृत्ती ही केवळ माणसाची आहे हे दाखवण्यासाठी कुत्र्याचाच दाखला घेतला आहे. दोन कुत्र्यांनी विचारपूर्वक हाडांची अदलाबदल केल्याचे कोणी पाहिलेले नाही, असा त्याचा आशय. कुत्र्याला काही हवे असले तर तो सौदा करीत नाही, लाडीगोडी करतो, हेही त्याने नोंदवले. स्मिथचे निरीक्षण अचूक आहे. मात्र त्याने जे उणे म्हणून मांडले त्यातच या प्राण्याचे मोठे बळ दडलेले आहे. ज्याला व्यवहार कळत नाही, तोच व्यवहाराने थकलेल्या माणसाला विसावा देऊ शकतो.

चिंतेचे घर

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती-यवतमाळ मार्गावरील तालुक्याचे गाव. खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती देवळाने त्याला नाव दिले आणि भोवतालच्या काळ्या मातीने कापूस, सोयाबीन आणि तूर दिली. तथापि येथील बहुतांश शेती आजही आकाशाकडे पाहूनच चालते. पेरणीनंतर पावसाने दिलेली ओढ, काढणीच्या वेळी आलेला परतीचा पाऊस, पीककर्जाचे नूतनीकरण, बियाण्यांच्या दुकानातील उधारी, मुलीचे लग्न, मुलाची स्पर्धा परीक्षा ही चिंतांची यादी या भागातील कोणत्याही घराला नवी नाही. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी अख्ख्या देशाला हादरवले. २००६ साली पंतप्रधानांना येथे यावे लागले आणि सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. केवळ पैशाने हा प्रश्न सुटत नाही याची जाणीव झाल्यावर २०१५ मध्ये राज्य शासनाने मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. चिंता ही आर्थिक असली तरी ती राहते माणसाच्या मनात, हे त्या निमित्ताने सरकारदरबारी मान्य झाले.

अशा घरात चिंतेचे एक विशिष्ट रूप असते: अबोला. कर्त्या पुरुषाने काळजी बोलून दाखवायची नाही, बाईने विचारायचे नाही, आणि नापास झालेल्या किंवा नोकरीवाचून बसलेल्या मुलाने बापाच्या समोर यायचे नाही. घरात चार माणसे असतात आणि चौघांचे चार कोपरे होतात. नेमक्या या जागी ओसरीवरचा मोत्या, काळू किंवा शेरू उपयोगी पडतो. तो कोणाच्याही कोपऱ्यात बिनदिक्कत शिरतो. रुसून बसलेल्या नवऱ्याला थेट हाक मारणे जिला जड जाते, ती बाई कुत्र्याला म्हणते, "तुया मालकाले सांग बापू, जेवण थंड होऊन रायलं." निरोप कुत्र्याला दिलेला असतो, पोहोचतो भलत्याच ठिकाणी, आणि पुष्कळदा ताटावर बसताना दोघांच्याही चेहऱ्यावर हसू असते. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत कुत्रा हा राखणदार म्हणून आणला जातो आणि पुढे न सांगता मध्यस्थाचे काम करू लागतो.

हसू कशाचे?

कुत्र्याला पाहून माणूस हसतो, त्याचे मर्म त्याच्या गांभीर्यात आहे. स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरताना, घरधन्याच्या शिंकेने दचकून खाटेखाली शिरताना, आरशातल्या कुत्र्यावर भुंकून मग आरशामागे जाऊन खात्री करताना तो विनोद करीत नसतो. मोठे राजकारण चालवीत असावा अशा थाटात हे सारे करतो. क्षुल्लक गोष्टीमागचे एवढे गांभीर्य पाहिले की माणसाला नकळत स्वतःचे गांभीर्य आठवते. दुसरे असे की, या हसण्याने कोणी दुखावत नाही. माणसाला हसले तर वैर पदरी पडते; कुत्र्याला हसले तर तो शेपटी हलवून त्यात सामील होतो. ज्या घरात प्रत्येकाचे मन हळवे झालेले आहे, तेथे कोणाचाही अपमान न करणारे हसू ही दुर्मीळ वस्तू असते.

या हसण्याला महाराष्ट्राच्या इतिहासात राजाश्रयही मिळालेला आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाघापासून वाचवला, असे सांगितले जाते. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की, शाहूंनी भर दरबारात या कुत्र्याला जरीची वस्त्रे व जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मानही दिला. ग्रँट डफला यात राजाचा लहरीपणा दिसला. परंतु बालपणापासूनची अनेक वर्षे मोगलांच्या कैदेत काढलेल्या आणि पुढे भाऊबंदकीने ग्रासलेल्या त्या राजाला मानमरातबाच्या ओझ्यातून क्षणभर मोकळे करणारे दरबारात दुसरे कोण होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

प्रयोगाची साक्ष

अनुभवाने जे ठाऊक होते, ते गेल्या काही दशकांत प्रयोगशाळेत तपासले गेले. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आले की, न बोलणारी मुले त्यांच्या 'जिंगल्स' या कुत्र्याशी मात्र मोकळी होतात. १९६२ साली त्यांनी कुत्र्याला उपचारातील सहकारी म्हणणारा निबंध प्रसिद्ध केला. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. कॅरन अ‍ॅलन यांनी २००२ मध्ये २४० दांपत्यांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक घराने वाचावा असा आहे. तोंडी वजाबाकीची कठीण गणिते करताना माणसाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब किती वाढतो हे त्यात मोजले. आपला कुत्रा किंवा मांजर जवळ असताना ताण सर्वांत कमी वाढला. पती वा पत्नी शेजारी असताना मात्र तो चढला! कारण उघड आहे. जोडीदाराला गणित कळते, चूकही कळते. कुत्र्याला दोन्ही कळत नाही. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्या नात्यातही हेच संप्रेरक काम करते.

या संशोधनांचा अर्थ ताणून लावणे योग्य नव्हे. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मुळात निरोगी आणि स्वस्थ असलेली माणसेच कुत्रा पाळत असतील, ही शंकाही रास्त आहे. तरीही एवढे म्हणता येते की, ज्याच्यासमोर आपली परीक्षा होत नाही अशा जिवाची सोबत ताण हलका करते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून आणि स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेला विद्यार्थी या तिघांनाही दिवसभर कोणी ना कोणी तोलत असते. संध्याकाळी फाटकाशी जो धावत येतो, त्याला निकाल, वेतनश्रेणी आणि बाजारभाव यांतले काहीही ठाऊक नसते.

आक्षेप आणि कर्तव्य

यावर आक्षेप येणारच. 'माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे कौतुक सांगता' हा त्यातला पहिला. पु. ल. देशपांडे यांनी 'पाळीव प्राणी' या लेखात श्वानप्रेमी मंडळींची जी थट्टा केली, ती मराठी माणसाला चांगलीच परिचित आहे. परंतु ती थट्टा हौसेच्या प्रदर्शनाची आहे. येथे विचार चालला आहे तो परदेशी जातीच्या महागड्या पिलाचा नव्हे. उरलेली भाकर आणि वरण यांवर वाढणारा, रात्री रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या राखणीला जागलीवर सोबत जाणारा गावठी कुत्रा वऱ्हाडाच्या उन्हाला सरावलेला असतो आणि घरावर त्याचा फारसा भार पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो रेबीजचा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पाश्चरने १८८५ साली लस दिली, त्याला दीड शतक होत आले; तरी चावलेल्या जागी हळद-मिरची भरणे आणि गंडेदोरे बांधणे आपल्याकडे संपलेले नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लशीच्या सर्व मात्रा पूर्ण करणे, हाच उपाय आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली काही कधीतरी कोणाच्या तरी अंगणातली पिले होती, हे विसरता येत नाही. कुत्र्याला वर्षाच्या वर्षी लस टोचून घेणे, त्याची नसबंदी करून घेणे आणि तो म्हातारा झाल्यावर त्याला दूरच्या रस्त्यावर नेऊन न सोडणे ही तीन पथ्ये पाळण्याची ज्याची तयारी नाही, त्याने कुत्रा पाळू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनीही गाय-बैलांइतकेच कुत्र्याच्या लसीकरणाकडे लक्ष दिले पाहिजे. बैलाला आपण वर्षातून एक दिवस पोळ्याला पुरणपोळी घालतो. कुत्र्याला सण नाही, निदान लस तरी मिळावी.

शेवटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची. कुत्रा कर्ज फेडत नाही, कापसाला भाव देत नाही, पाऊस आणीत नाही. त्याने आणलेले हसू हे धोरणाची जागा घेऊ शकत नाही, आणि शासनाने त्याच्या भरवशावर राहूही नये. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्याला डॉक्टर आणि समुपदेशक लागतो. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे आणि तो प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर असला पाहिजे. मात्र असा माणूस प्रथम कोणाशी तरी बोलला पाहिजे, आणि बोलण्याआधी त्याचे ओठ थोडे तरी सैल झाले पाहिजेत. बंद पडलेल्या घरात ते पहिले हसू पुष्कळदा एखाद्या मुक्या जनावरामुळे येते. तेवढ्या फटीतून आत शिरून विचारपूस करणे हे मग घरातल्या माणसांचे आणि शेजाऱ्यांचे काम असते.