एश्कोल यांचा धीर आणि एश्कोल यांची दिरंगाई

२८ मे १९६७ च्या संध्याकाळी इस्रायलचे पंतप्रधान लेवी एश्कोल रेडिओवरून देशाशी बोलले. इजिप्तच्या फौजा सिनाईत उतरल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांना इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी निघून जायला सांगितले होते आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद झाली होती. घरोघरी माणसे रेडिओला कान लावून बसली होती. एश्कोल एकाहत्तर वर्षांचे होते, डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली होती, आणि हाती आलेल्या मसुद्यात ऐनवेळी हाताने खाडाखोड केलेली होती. भाषण थेट चालू असताना ते एका शब्दापाशी अडखळले, थांबले, चाचपडले. पंतप्रधानालाच बोलता येत नसेल तर देशाचे काय, अशी भीती ऐकणाऱ्यांच्या मनात शिरली. १ जूनला त्यांच्याकडचे संरक्षण खाते मोशे दायान यांना द्यावे लागले. ५ जूनला युद्ध सुरू झाले, सहा दिवसांत संपले, आणि विजयाचे श्रेय जगाने दायान यांच्या डोळ्यावरच्या काळ्या पट्टीला देऊन टाकले. एश्कोल यांच्या नावावर ते अडखळणे राहिले.

हा उघड अन्याय आहे. एश्कोल यांचा खरा दोष दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल मात्र त्यांना फारसे कोणी जाब विचारत नाही.

आधी माणूस पाहू. जन्म २५ ऑक्टोबर १८९५ चा, आजच्या युक्रेनमधल्या ओरातोव्ह गावचा. तेव्हाचे आडनाव श्कोल्निक. विल्ना येथे शिक्षण, आणि १९१४ मध्ये तुर्की साम्राज्यातल्या पॅलेस्टाइनकडे प्रयाण. तिथे पेताह तिक्वाच्या बागांत मजुरी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यातल्या ज्यू पलटणीत भरती, आणि १९२० मध्ये गालील सरोवराच्या काठी ‘देगानिया बेत’ या सामुदायिक शेतीच्या वसाहतीची स्थापना. पाण्याचा प्रश्न या माणसाने आयुष्यभर सोडला नाही. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेकोरोत’ या पाणीपुरवठा कंपनीचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला, आणि १९६४ मध्ये गालील सरोवराचे पाणी सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेकडे नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली तेव्हा तेच पंतप्रधान होते.

१९४८ नंतरच्या साडेतीन वर्षांत इस्रायलची ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेले, इराक, येमेन आणि मोरोक्कोतून आलेले लोक तंबूंत आणि पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. त्यांना गावे, शेते, विहिरी मिळवून देण्याचे काम ज्यू एजन्सीच्या वसाहत विभागाचे प्रमुख म्हणून एश्कोल यांच्याकडे होते. त्यांनी शेकडो गावे उभी केली. त्यांतली पुष्कळ गावे १९४८ च्या युद्धात उजाड झालेल्या पॅलेस्टिनी गावांच्या जमिनीवर उभी राहिली. ज्यांची ती जमीन होती ते गाझा, जॉर्डन आणि लेबनॉनच्या निर्वासित छावण्यांत होते. एश्कोल यांच्या कर्तृत्वाबद्दल लिहिताना हे वाक्य गाळणारा चरित्रकार प्रामाणिक नव्हे.

१९५२ पासून अकरा वर्षे ते अर्थमंत्री होते. जून १९६३ मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी राजीनामा दिला आणि आपला वारस म्हणून एश्कोल यांचेच नाव पुढे केले. पुढे जुन्या लावोन प्रकरणाची, म्हणजे इजिप्तमधल्या एका फसलेल्या गुप्त कारवाईची, चौकशी नव्याने व्हावी या हट्टावरून बेन-गुरियन त्यांच्यावरच उलटले. एश्कोल यांनी नकार दिला. म्हाताऱ्या नेत्याने पक्ष फोडून ‘राफी’ हा नवा पक्ष काढला. नोव्हेंबर १९६५ च्या निवडणुकीत १२० पैकी ४५ जागा एश्कोल यांच्या आघाडीला मिळाल्या, राफीला १०. राष्ट्राच्या संस्थापकाला मतपेटीतून मिळालेले हे उत्तर पाहिल्यावर एश्कोल यांना लेचेपेचे म्हणणे कसे पटावे?

गादीवर आल्यावर त्यांनी देशाचा घट्ट आवळलेला पट्टा थोडा सैल केला, हे त्यांचे मोठे काम. ज्या आणायला बेन-गुरियन यांनी नकार दिला होता त्या, उजव्या विचारांचे नेते जाबोतिन्स्की यांच्या अस्थी १९६४ मध्ये न्यूयॉर्कहून आणून जेरुसलेममध्ये सन्मानाने पुरण्यास त्यांनी परवानगी दिली. विरोधी बाकांवरच्या बेगिन यांच्याशी बोलणे सुरू केले. आणि त्याहून कितीतरी महत्त्वाचे म्हणजे इस्रायलच्या अरब नागरिकांवरची लष्करी राजवट १ डिसेंबर १९६६ रोजी संपवली.

ही राजवट १९४८ पासून चालू होती. मतदानाचा हक्क असलेल्या या नागरिकांना गावाची वेस ओलांडायची तर लष्करी अधिकाऱ्याचा परवाना लागे. दवाखाना, बाजार, नोकरी, सगळे त्या कागदावर अवलंबून. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी काफर कासिम गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली गेली. कामावरून परतणाऱ्या गावकऱ्यांना त्याची खबर नव्हती, आणि सीमा पोलिसांनी जवळपास पन्नास माणसे गोळ्या घालून मारली. त्यांत बायका आणि मुलेही होती. एवढे होऊनही बेन-गुरियन ही राजवट सोडायला तयार नव्हते. एश्कोल यांनी ती सोडली. सुरक्षा दलांतल्या अनेकांची नाराजी त्यांनी पत्करली, आणि सहा महिन्यांनी युद्धाचे ढग आले तेव्हा देशातल्या अरब नागरिकांनी कुठेही उठाव केला नाही. पोलिसांचे काही निर्बंध पुढेही राहिले, जमिनी परत मिळाल्या नाहीत. तरीही अठरा वर्षांनी माणसाला आपल्याच देशात बिनापरवाना चालता येऊ लागले, याचे मोल लहान नाही.

मराठी वाचकाने एश्कोल यांची आठवण ठेवावी असे आणखी एक कारण आहे. कोकणातून, मुंबईतून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल लोक, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलकडचे आपले ‘शनवार तेली’, तिथे पोहोचले तेव्हा त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न लावण्याचा अधिकार फक्त धर्मपीठाचा. नागरी विवाहाची सोय नाही. शतकानुशतके मुख्य प्रवाहापासून दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवाविवाहाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का, असा प्रश्न धर्मगुरूंनी काढला आणि १९६२ मध्ये फर्मान काढले: बेने इस्रायल वर किंवा वधू समोर आल्यास त्यांच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. शनिवारचा घाणा पिढ्यानपिढ्या बंद ठेवणाऱ्या, सुंता पाळणाऱ्या, मराठीतून बायबलच्या कथांची कीर्तने करणाऱ्या समाजाला आपण कोण हे जेरुसलेमच्या कचेरीत सिद्ध करायची वेळ आली. दिमोनात, बीरशेबात, लोदमध्ये कष्ट करून राहणाऱ्या माणसांच्या मुलामुलींची लग्ने अडली.

१९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. बायकामुलांसह लोक रस्त्यावर बसले. एश्कोल यांचे सरकार धार्मिक पक्षाच्या पाठिंब्यावर चालत होते, त्यामुळे या भानगडीत न पडणे त्यांना सोयीचे होते. ते पडले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेत सरकारची भूमिका स्पष्ट झाली: भारतातून आलेले बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतर ज्यूंत काही भेद नाही, आणि धर्मपीठाने या समाजातली परकेपणाची भावना दूर करण्याचा मार्ग काढावा. महिनाअखेरीस धर्मपीठाने फर्मानातून बेने इस्रायल हे नाव काढले. शंकेखोर भाषा शिल्लक राहिली, नाव गेले. कोकणातल्या त्या लेकरांसाठी ती मोठीच सुटका होती. ज्या पंतप्रधानावर निर्णय न घेण्याचा शिक्का आहे, त्याने घेतलेला हा निर्णय आहे.

आता त्या मे महिन्याकडे. सेनापतींना ताबडतोब हल्ला हवा होता. उशीर झाला तर पहिला वार इजिप्त करील, प्रेतांचे ढीग पडतील, असे ते पंतप्रधानांना तोंडावर सुनावत होते. सरसेनापती यित्झाक राबिन त्या ताणाने एक दिवस कोसळलेही. एश्कोल थांबले. परराष्ट्रमंत्री अब्बा एबान यांना त्यांनी पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनला पाठवले. पॅरिसमध्ये द गॉल यांनी पहिली गोळी झाडू नका म्हणून बजावले, वॉशिंग्टनमध्ये जॉन्सन यांनी मुदत मागून घेतली. एश्कोल यांना १९५६ चे युद्ध आठवत होते: तेव्हा सिनाई जिंकूनही अमेरिकेच्या दटावणीने ते सोडून परतावे लागले होते. हे पुन्हा होऊ द्यायचे नसेल तर सगळे मार्ग चाचपून पाहिले हे जगाला दिसले पाहिजे, अशी त्यांची समज. मग मोसादचे प्रमुख मेईर अमित वॉशिंग्टनला जाऊन आले, अमेरिका आडवी येणार नाही असा अंदाज घेऊन. ४ जूनला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच नष्ट झाले.

जी फौज लढली ती दायान यांनी चार दिवसांत उभी केलेली नव्हती. १९६३ ते १९६७ संरक्षण खाते एश्कोल यांच्याकडेच होते. रणगाडे, विमाने, त्यासाठी लागणारा पैसा, अमेरिकेशी शस्त्रखरेदीचे नवे संबंध, हे सगळे त्यांनी राबिन यांना मिळवून दिले. जून १९६४ मध्ये वॉशिंग्टनला अधिकृत भेट देणारे ते पहिले इस्रायली पंतप्रधान. युद्धाच्या तोंडावर आपल्याच सेनापतींना दोन आठवडे रोखून धरायला जे धैर्य लागते ते हल्ल्याचा हुकूम देण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नसते. एश्कोल यांच्यापाशी ते होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र हाच धीर युद्धानंतर दिरंगाई झाला. जिंकलेल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि गाझात सुमारे दहा लाख पॅलेस्टिनी राहत होते. एश्कोल यांना पेच पहिल्याच आठवड्यांत कळला होता. हुंडा हवा आहे पण त्याबरोबर येणारी नवरी नको आहे, अशा अर्थाचे ते सहकाऱ्यांना सुनावत. १९ जून १९६७ रोजी त्यांच्या मंत्रिमंडळाने गुप्त ठराव केला: शांतता करार होत असेल तर सिनाई इजिप्तला आणि गोलान सीरियाला परत द्यावे. पश्चिम किनाऱ्याबद्दल एकमत झाले नाही, म्हणून तो प्रश्न पुढे ढकलला. त्याच महिन्यात पूर्व जेरुसलेम मात्र इस्रायलच्या कायद्याखाली आणले. १ सप्टेंबरला खार्टूममध्ये अरब राष्ट्रांनी शांतता, मान्यता आणि वाटाघाटी या तिन्हींना नकार दिला. दोष त्यांचाही आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही.

पण खार्टूमच्या आड लपता येत नाही असा एक कागद आहे. सप्टेंबर १९६७ मध्ये परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांना पंतप्रधान कार्यालयाने विचारले, ताब्यात घेतलेल्या प्रदेशात आपल्या नागरिकांची वस्ती करता येईल का? मेरॉन लहानपणी पोलंडमध्ये नाझींच्या छावणीतून वाचलेले. १८ सप्टेंबरच्या टिपणात त्यांनी निःसंदिग्ध उत्तर दिले: चौथ्या जिनिव्हा कराराने हे निषिद्ध आहे. त्या टिपणावर ‘अति गोपनीय’ असा शिक्का बसला. २७ सप्टेंबरला क्फार एत्झियोनमध्ये पश्चिम किनाऱ्यावरची पहिली वस्ती उभी राहिली. तिथले तरुण १९४८ मध्ये ते गाव पडले तेव्हा पोरके झालेल्या मुलांपैकी होते, त्यांची मागणी हळवी होती, आणि एश्कोल यांना कोणालाच दुखवायचे नव्हते. पुढच्या वसंतात हेब्रोनच्या हॉटेलात सण साजरा करायच्या निमित्ताने आलेले लोक परत गेले नाहीत. त्यांनाही हाकलले गेले नाही.

२६ फेब्रुवारी १९६९ रोजी हृदयविकाराने एश्कोल यांचे निधन झाले. पदावर असताना मरण पावलेले ते पहिले इस्रायली पंतप्रधान. पुढे गोल्डा मेईर आल्या, आणि वस्त्यांचा प्रश्न पुढच्या प्रत्येक सरकारने आधीच्या सरकारकडून वाढीव स्वरूपात घेतला. पंतप्रधान म्हणून बेगिन यांनी सिनाई परत दिले, राबिन यांनी ओस्लो करारासाठी पॅलेस्टिनी नेतृत्वाशी हात मिळवला आणि त्यासाठी प्राण गमावले, तरी पश्चिम किनाऱ्यावरच्या वस्त्या वाढतच गेल्या. आज तिथे, पूर्व जेरुसलेम धरून, पाच लाखांहून कितीतरी अधिक इस्रायली राहतात.

बेने इस्रायलच्या वेळी धार्मिक पक्षाची मर्जी राखणे सोपे होते, तरी एश्कोल यांनी ते केले नाही. मे महिन्यात सेनापतींची मर्जी राखणे सोपे होते, तेही केले नाही. सप्टेंबरमध्ये कायदा, विवेक आणि स्वतःच्या सल्लागाराचा लेखी अभिप्राय एका बाजूला असताना त्यांनी नाही म्हटले नाही. रेडिओवरचे अडखळणे त्यांना माफ करावे. क्फार एत्झियोन माफ करता येत नाही.