कोळी पाहू इच्छिणारी मंडळी आणि आपले धुरे

गेल्या महिन्यात नागपूर, पुणे व अमरावती येथील पाच-सहा तरुण मंडळी तिवसा येथे येऊन आम्हास भेटली. मोठे केसाळ कोळी, ज्यांस इंग्रजीत टॅरान्टुला म्हणतात, ते रानात त्यांच्या राहत्या जागी पाहावे, असा त्यांचा छंद आहे. वऱ्हाड-नागपुराकडील अशा सर्व हौशी लोकांचा दोन दिवसांचा मेळावा येत्या पावसाळ्याच्या आरंभी ह्या तालुक्यात भरवावा, रात्री बॅटऱ्या घेऊन धुरे, नाल्यांचे काठ व जुनी झाडे धुंडाळावी, आणि त्यासाठी गावकऱ्यांची संमती आम्ही मिळवून द्यावी, अशी त्यांची विनंती होती. ही गोष्ट पारावर निघताच बहुतेकांनी ती हसून घालविली. एक गृहस्थ म्हणाले, "आपण बोंडअळीपायी बुडालो, अन् हे लोक कोळी पाहाले निघाले!" दुसऱ्या एकाने विचारले, की कोळी धरून नेऊन विकणारे तर हे नव्हेत ना? पहिल्या बोलण्यातील विनोद आम्हास मान्य आहे; दुसऱ्यातील शंका मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आमचे मत असे, की हा मेळावा भरू द्यावा. परंतु तो शेतकऱ्याच्या अटींवर भरावा, आणि त्याची वही शेतकऱ्याच्या घरी राहावी.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बाजारात 'कोळीनाशक' म्हणून जी औषधे मिळतात ती ज्या लाल कोळ्यावर फवारतात, तो पानांतील रस शोषणारा, टाचणीच्या टोकाएवढा जीव होय. आठ पायांचा म्हणून तो खऱ्या कोळ्याचा दूरचा आप्त ठरतो, इतकेच. खरा कोळी पिकाचे पान खात नाही. तो किडे धरून खातो. पऱ्हाटीच्या पानापानांवर उड्या मारीत तुडतुडे टिपणारे, फुलात दबा धरून बसणारे, रात्री तासांमधून धावणारे असे कितीतरी कोळी आपल्याच वावरात आहेत. एकाच शब्दाने शत्रू व मित्र दोघांस हाक मारण्याची खोड आपणास लागली, आणि त्यात मित्राचे नुकसान झाले. कोळी गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करील, असे मात्र आम्ही कोणास सांगणार नाही. ती अळी बोंडाच्या आत बसते, तेथे कोळ्याचे काही चालत नाही. ज्यांना छंदाचे समर्थन करावयाचे असते ते अशा भलत्या आशा दाखवितात; तो मार्ग आम्हास पसंत नाही.

टॅरान्टुला हे नावही उसने आहे. इटलीतील तारांतो शहराच्या आसपास आढळणाऱ्या एका धावऱ्या कोळ्याचे ते मूळ नाव. पुढे युरोपीय लोकांनी इतर देशांत जो जो मोठा केसाळ कोळी पाहिला, त्यास तेच नाव चिकटविले. आपल्या देशात ह्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एक जमिनीत बीळ करून त्यास आतून रेशमाचे अस्तर लावणारा, आणि दुसरा जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा. झाडावरच्यांपैकी पोइसिलोथेरिया नावाचा जो वंश आहे, तो साऱ्या जगात केवळ भारत व श्रीलंका ह्या दोन देशांतच सापडतो. नर वयात आला की पावसाळ्याच्या सुमारास मादीच्या शोधार्थ बाहेर पडतो, आणि त्यानंतर फार दिवस जगत नाही. मादी मात्र एकाच बिळात वर्षामागून वर्षे काढते. दहा-पंधरा वर्षे जगणाऱ्या माद्या माहीत आहेत. म्हणजे एक मादी उचलून नेली, तर गोऱ्हा जन्मून, जोताला लागून, म्हातारा होईल इतक्या काळाची भरपाई करावी लागते.

भीतीविषयी दोन शब्द. अमेरिकेतील कित्येक केसाळ कोळी अंगावरील दाहक केस झाडतात; आपल्याकडील कोळ्यांस ते अस्त्र नाही, परंतु त्यांचा दंश अधिक जाचक असतो. पोइसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत कळा येऊन त्या काही दिवस टिकतात. ह्या वंशाच्या दंशाने मनुष्य दगावल्याचे सिद्ध झालेले नाही. सन २०१२ साली आसामातील सदिया भागात केसाळ कोळ्यांच्या दंशाने दोन माणसे मेल्याची आवई उठली होती. त्या दोघांवर मांत्रिकांनी पात्याने चिरून रक्त काढण्याचे उपचार केले होते आणि शवपरीक्षा झालीच नाही. तेव्हा विष कोळ्याचे बाधले की पात्याचे, हे कोणास सांगता आले नाही. इकडे सन २०१७ च्या हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या डब्यांस आपण घरात खाटेखाली जागा देतो आणि कोळ्यास पाहून केरसुणी शोधतो! बिळात बोट घालू नये. दंश झालाच तर चिरणे, चोखणे न करता सरकारी दवाखाना गाठावा, एवढे पुरे. रात्री धुऱ्यावर फिरणाऱ्याने खरी भीती बाळगावी ती घोणस व मण्यार ह्यांची.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आमचे आयुष्य महसूल खात्यात नोंदी लिहिण्यात गेले, म्हणून नोंदीचे सामर्थ्य आणि तिचा धोका ही दोन्ही आम्ही जवळून पाहिली आहेत. एका गावी धुऱ्यावर दोन मोठी झाडे होती, एक चिंच व एक मोह. चिंच कागदावर होती, मोह नव्हता. वादळात चिंच पडली, तेव्हा पंचनामा झाला, जबाब झाले, लाकडाचा हिशेब झाला. मोह कोणीतरी एका रात्रीत तोडून नेला; चौकशीस गेलेल्या माणसास विचारण्यात आले, की येथे झाड होते ह्यास आधार काय? कागदावर जे नाही ते नव्हतेच. ह्याच्या उलट दुसरी गोष्ट. एका सज्जन शेतकऱ्याने मोठ्या हौसेने आपल्या धुऱ्यावरील चंदनाच्या झाडाची नोंद करविली. पुढच्या हंगामाआधीच तेथे केवळ खुंट उरला. बातमी कोठून फुटली, हे आम्ही सांगत नाही. परंतु जागा लिहिली गेली नसती तर झाड वाचले असते, असे तो गृहस्थ अखेरपर्यंत म्हणत असे.

कोळ्याच्या बाबतीत हे दोन्ही धोके तितकेच खरे आहेत. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका निळ्या कोळ्याचे वर्णन पोकॉक नामक इंग्रज शास्त्रज्ञाने सन १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे शंभर वर्षे तो कोणास आढळला नाही. सन २००१ मध्ये नंद्याळ व गिद्दलूर ह्यांमधील जंगलात तो पुन्हा सापडला, आणि पाहता पाहता परदेशांतील हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत त्याची पैदास सुरू झाली. रानात मात्र त्याची स्थिती अत्यंत बिकट असल्याचे सन २००८ मध्ये नोंदले गेले. हा व्यापार किती चालतो म्हणाल, तर सन २०१० मध्ये एक जर्मन व्यापारी अमेरिकेत पकडला गेला. त्याच्या एकाच टपाल पुडक्यात सुमारे तीनशे जिवंत कोळी निघाले. सन २०१९ पासून पोइसिलोथेरिया वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवान्याचे बंधन आले आहे. आपल्या बिळातील कोळ्यांस त्या बंधनाचा आधार नाही. ज्या तरुणाने पारावर शंका काढली, तो अडाणी नव्हता.

परंतु जागा लपवून ठेविल्याने कोळी वाचतो, असे समजणेही भ्रामक आहे. ह्याचा अनुभव आम्हास घरचाच आहे. आमच्या वावराच्या पांदणीकडील धुऱ्यावर, बोरीच्या झुडपाखाली, असे एक बीळ आम्ही सात वर्षे पाहत होतो. तोंडाशी रेशमाची पांढरी कडा, आणि सायंकाळनंतर उंबऱ्यावर ठेवलेले दोन केसाळ पाय. निंदणाऱ्या बायांस ते ठाऊक होते. त्या तेवढी हातभर जागा सोडून विळा चालवीत. आम्ही ते कोणास सांगितले नाही, कोठे लिहिले नाही. पुढे पांदण रुंद करण्याचे ठरले. आमची त्यास संमती होती आणि आजही आहे, कारण पावसाळ्यात संत्र्याची गाडी तेथे फसली म्हणजे काय होते, ते ज्याचे त्यास माहीत. यंत्र सकाळी आले आणि दुपारपर्यंत धुरा उरला नाही. बीळ दाखवून दिले असते तर यंत्रवाल्याने दोन हात पलीकडून फाळ घातला असता. तो भला माणूस होता. आम्ही त्या दिवशी अमरावतीस गेलो होतो, आणि घरात कोणास त्या बिळाचे सांगून ठेवले नव्हते. चोराच्या भीतीने जे लपविले, ते आपल्याच कामात गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की नोंद व्हावी, पण ती दोन वह्यांत व्हावी. एका वहीत केवळ तालुका, महिना, जमिनीचा वा झाडाचा प्रकार आणि किती बिळे दिसली हा आकडा असावा. ती वही खुशाल छापावी. दुसरीत गट नंबर व धुऱ्याची दिशा असावी. तिची एक प्रत त्या शेतकऱ्याकडे व एक अभ्यासकाकडे राहावी, तिसरी कोणाकडेही नाही. हल्लीच्या फोनमधील छायाचित्रात जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटतो, असे ह्या मुलांनीच आम्हास सांगितले. तेव्हा ती सोय बंद केल्यावाचून कोणी धुऱ्यावर पाय ठेवू नये. शेतमालकाने स्वतः अथवा त्याच्या घरच्या माणसाने बरोबर असावे. डबी, चिमटा, कुदळ ही गावाच्या वेशीबाहेर राहावी. बिळाच्या तोंडाशी गवताची काडी हलवून कोळ्यास एकदा बाहेर बोलाविण्यास हरकत नाही. दहा जणांनी दहा वेळा तेच करू नये. पोहरा-मालखेडच्या बाजूस अथवा इतर कोठे सरकारी जंगलात जावयाचे असल्यास वनखात्याची लेखी परवानगी आधी आणावी; तो भाग पहिल्या वर्षी टाळलेलाच बरा.

काळाविषयी त्यांची व आपली गरज जुळत नाही. पहिल्या पावसात नर फिरतात म्हणून त्यांना तेव्हाच यावयाचे आहे, आणि त्याच आठवड्यात आपली पेरणी. शिवाय ओल्या काळ्या मातीत शहरी माणसाचे बूट दोन शेर जड होतात हे त्यांना कळावयाचे आहे. पेरणी आटोपून डवरणीस आरंभ होईपर्यंत जी थोडी सवड सापडते, ती आम्ही सुचविली. आणखी एक अट आम्ही आग्रहाने घातली आहे. बिळे कोठे आहेत हे सर्वांत अधिक ठाऊक असते ते निंदणाऱ्या बायांना व गुराख्यांना. त्यांच्याकडून वाट विचारून घ्यावी आणि आभार मानून निघून जावे, हे चालणार नाही. पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी, रात्रीच्या कामाची दीडपट.

अभ्यासकांसाठी फार दूर जावयास नको. मेळघाटातील कोळ्यांवर अमरावतीच्या विद्यापीठातील मंडळींनी काम केले आहे, आणि दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात तर कोळ्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी आधी दर्यापूरची वाट विचारावी. जगातील कोळ्यांच्या ज्ञात जाती सन २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या पुढे गेल्या, आणि आपल्या धुऱ्यावरचा कोळी त्यांतील कोणता, हे ठरविण्यास जाणत्याचीच नजर लागते.

बाकी सर्व अटी त्या मुलांनी मान्य केल्या. एका ठिकाणी अडले. जातीचा निश्चय सूक्ष्मदर्शकाखाली अवयव पाहूनच होतो, तेव्हा एक-दोन कोळी नेऊ द्यावे, असे ते म्हणतात. मागणी खोटी नाही. परंतु हे कोळी वाढताना कात टाकतात, आणि मादीच्या टाकलेल्या कातीवरूनही पुष्कळ निर्णय करता येतो, हे त्यांच्यापैकीच एकाने बोलता बोलता सांगितले. आम्ही त्यास तेथेच धरले. बिळाबाहेर पडलेली कात आणि आपोआप मेलेला नर शेतकऱ्याने कागदाच्या पुडीत तारीख घालून जपून ठेवावा व तोच दर्यापुरास द्यावा. त्याने भागले नाही तर पुढच्या वर्षी पाहू, असे त्यांस कळविले आहे. उत्तर यावयाचे आहे. दरम्यान आमचे दोन धुरे आम्ही ह्या कामी देऊ केले आहेत. ज्या सभासदांस आपले धुरे द्यावयाचे असतील, त्यांनी पुढील मासिक सभेपूर्वी चिटणिसांस नाव कळवावे. गट नंबर तूर्त लिहू नये.